कान तुटलेला कप

मैत्रिणींनो, तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक वेगळा कप आहे का हो? म्हणजे सेटमधला नव्हे. कान तुटलेला किंवा काठाचा टवका उडालेला, पण फेकून द्यायला हात होत नाही म्हणून मागे सरकवून ठेवलेला. नळ दुरुस्त करणारा आला, वायरमन आला, रंगारी आला, की चहा त्याच कपातून! आमच्याकडे असा कप होता. निळ्या फुलांचा, सासूबाईंच्या वेळेपासूनचा. लग्न होऊन या घरात आले तेव्हा साखर कुठल्या डब्यात आणि चहा कुठल्या, हे जसं शिकले, तसा तो कपही शिकले. कुणी मुद्दाम सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

आज मला लिहायचं आहे ते दहावीनंतरच्या एका वाटेबद्दल. ज्या वाटेचं नाव काढलं की आपण बायका कपाळाला आठ्या घालतो, तिच्याबद्दल. पण माझ्या डोक्यात हा विचार त्या कपापासून सुरू झाला, म्हणून आधी ती हकीकत सांगते.

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या बाथरूममधल्या गीझरचा नळ सोडला की हाताला झिणझिण्या येत होत्या. ह्यांनी कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. नेमक्या त्याच दिवशी तासगावहून माझी नणंद आणि तिची मुलगी मेघा आल्या. मेघाला दहावीला ब्याऐंशी टक्के पडले होते. मला वाटलं, पेढे घेऊन आल्या असतील. पेढे होतेच, पण वन्संचे डोळे सुजलेले होते.

स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या त्या म्हणाल्या, "वहिनी, तू शिक्षिका आहेस, तूच हिला चार शब्द सांग. हिला आयटीआयला जायचंय! इलेक्ट्रिशियन व्हायचंय म्हणे! आता मुलगी खांबावर चढणार आणि आम्ही खाली उभं राहून बघणार!"

मी सांगलीतल्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. नववी-दहावीच्या वर्गांवर असते. त्यामुळे घरातल्या कुणाच्याही शिक्षणाचा प्रश्न आला की चेंडू माझ्याकडे येतो. मीही मोठ्या उत्साहाने सुरुवात केली, "अगं मेघा, ब्याऐंशी टक्के पडलेत तुला! ज्यांना कुठेच प्रवेश मिळत नाही ती मुलं तिकडे जातात. तू सायन्सला जा. अकरावी-बारावी कर, पुढे इंजिनिअरिंग आहे, काहीच नाही तर बी.एस्सी. आहे..."

मेघा ऐकून घेत होती. पण तिचं लक्ष दाराकडे होतं. वायरमनने येऊन सांगितलं की गीझरच्या प्लगमधली तिसरी तार, म्हणजे अर्थिंगची, कुणीतरी कधीतरी कापून टाकलेली होती. गीझरच्या आतून कुठेतरी गळणारी वीज जमिनीत जाण्याऐवजी पाण्यातून आणि नळातून आमच्या हातापर्यंत येत होती. "ताई, झिणझिण्यांवर भागलं म्हणायचं. ओल्या अंगाने कुणी असतं आणि गळती वाढली असती, तर जिवावर बेतलं असतं," तो म्हणाला. त्याने नवी तार जोडली, आतली कॉइल तपासून बदलायला सांगितली, आणि तोवर गीझर वापरू नका म्हणून बजावलं. तीन-चार महिने आम्ही सगळे त्या गीझरचं पाणी घेत होतो. माझा आठ वर्षांचा मुलगासुद्धा.

मी त्याचे आभार मानले आणि चहा दिला. निळ्या फुलांच्या, कान तुटलेल्या कपातून. तो बिचारा दोन बोटांनी काठ धरून, फुंकर घालत घालत प्यायला आणि गेला.

तो गेल्यावर मेघाने कप उचलून मोरीत ठेवला आणि मला विचारलं, "मामी, उद्या मी कुणाच्या घरी काम करायला गेले, तर मलापण असाच कप मिळणार का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता हो. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. पण माझं काय झालं ते तुम्हाला सांगून समजणार नाही, कारण एक गोष्ट मी तुम्हाला अजून सांगितलेली नाही. ती मी माझ्या सासरीही चौदा वर्षांत नीटशी सांगितलेली नव्हती.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. टर्नर होते. आयटीआय करून लागले आणि निवृत्त होईपर्यंत उभ्याने काम केलं. पण माझ्या बघण्याच्या कार्यक्रमाला आई म्हणाली, "हे कंपनीत असतात." कुणीतरी विचारलं, "सुपरवायझर का?" तर आईने मान हलवली. हो म्हणाली नाही, पण नाही असंही म्हणाली नाही. आदल्या रात्री आण्णा न्हाणीघरात बसून रॉकेल आणि साबणाने हात घासत होते. बोटांच्या भेगांमधलं तेल काही निघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोह्यांची बशी घेताना ते हात उपडे ठेवत होते, हे मी मान खाली घालूनही पाहिलं. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. मला वाटलं, कुणी बघू नये म्हणजे झालं.

ज्या आण्णांच्या पगारावर मी बी.ए. झाले, त्यांचं काम मी लपवलं. आणि वर्गात उभी राहून, ज्यांचं पाठांतर झालं नाही त्या मुलांना म्हणत आले, "अभ्यास नाही केलात तर आयटीआयला जावं लागेल हं!" किती वर्षं म्हणत होते! कुणा मुलाचा बाप वेल्डर असेल, भाऊ फिटर असेल, त्याला काय वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

त्या दुपारी मी वन्संना म्हटलं, "वन्सं, माझे आण्णा कातारी होते."

"कातारी म्हणजे?" त्यांनी विचारलं.

बघा, आपल्याच भाषेतला शब्द! सरकारी कागदांत टर्नरला कातारी म्हणतात, फिटरला जोडारी, वेल्डरला संधाता, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री आणि वायरमनला तारतंत्री. इतके छान शब्द मराठीत असून ते मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडी कधी आले नव्हते. मी त्यांना सांगितलं, लेथवर लोखंड कातून हव्या त्या मापाचा तुकडा काढतो, तो कातारी. वन्सं थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग त्यांनाच विचारू या. ते सांगतील हिला, त्यात काय हाल असतात ते."

मलाही तेच हवं होतं. आण्णांनी स्वतः कधी आम्हा भावंडांना त्या बाजूला फिरकू दिलं नव्हतं. मला वाटलं, ते मेघाला परत पाठवतील आणि माझी अडचण सुटेल.

रविवारी आम्ही तिघी मिरजेला भावाकडे गेलो. आण्णा आता सत्तरीचे आहेत. ऐकायला कमी येतं. त्यांनी मेघाचं म्हणणं ऐकून घेतलं, मग उठून कपाटातून मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आणली. त्यांचा जुना मायक्रोमीटर. मेघाचा एक केस मागून घेतला, त्या चिमट्यात धरला आणि बारीक रेघा वाचायला तिला सांगितल्या. तिला आधी जमेना. मग जमलं. मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर केस त्यातले सातच भरला.

"ह्या केसापेक्षा कमी फरक पडला की आमचा जॉब बाद व्हायचा," आण्णा म्हणाले. "गणित येतं ना? मग भिऊ नको."

वन्संनी विचारलं, "पण तुम्ही तुमच्या मुलांना का नाही पाठवलंत?"

आण्णांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "काम वाईट नव्हतं. जागा वाईट होती. पत्र्याखाली उन्हाळ्यात उभं राहायचं, कानाला काही लावायला द्यायचे नाहीत, पायाच्या शिरा सुजल्या. आणि घरी आल्यावर कुणी विचारायचं नाही, आज काय केलंत म्हणून. पोरं वह्या दाखवायची. मी काय दाखवणार?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. दुसरं काय करणार?

मेघाला त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. म्हणाले, "आधी जाऊन बघा. शाळा बघता ना, तशी वर्कशॉप बघा. यंत्रं चालू आहेत का नुसती पुसून ठेवलीत, ते बघा." म्हणून आम्ही गेलो. हे आणि मेघाचे वडीलही बरोबर होते. त्या दोन-तीन चकरांत आमच्या मनातले एकेक समज कसे गळून पडले, ते आता तुम्हाला सांगते. कारण तुमच्याही घरात आज ना उद्या हा प्रश्न येणारच आहे.

पहिला समज, की ही वाट ढ मुलांसाठी आहे. आयटीआयचा प्रवेश दहावीच्या गुणांवर, गुणवत्ता यादीनेच होतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. वेल्डर, सुतारकाम असे काही व्यवसाय दहावीत नापास झालेल्यांनाही घेता येतात, हे खरं. त्यावरून आपण सगळ्यांनाच एका मापाने मोजतो. पण इलेक्ट्रिशियन, फिटर यांसारख्या दोन वर्षांच्या व्यवसायांना दहावी पास व्हावं लागतं, आणि चांगल्या सरकारी संस्थेत तिथे चुरस असते. आत गेल्यावरही नुसता पाना-पक्कड नसते. व्यवसायाचा सिद्धांत असतो, आकडेमोड असते, ड्रॉइंग असतं. मेघाची वही मी बघते ना, तर मोटरच्या वाइंडिंगच्या आकृत्या माझ्या व्याकरणाच्या तक्त्यांपेक्षा किचकट असतात!

दुसरा समज, की एकदा तिकडे गेलं की पुढचं शिक्षण संपलं. वन्संना सर्वांत जास्त भीती याचीच होती. पण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा चांगला झाला तर इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. जागा मर्यादित असतात आणि गणित मधल्या काळात विसरलेलं चालत नाही, हेही खरं. पण दार बंद नसतं. आणि ज्याला पुढे शिकायचं नाही, त्यालाही शिकाऊ उमेदवारी असते. त्यासाठी १९६१ सालापासून कायदाच आहे. कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकायचं आणि विद्यावेतन घ्यायचं. आण्णांनी एक वर्ष असंच काढलं होतं. ही आयटीआयची पद्धतही काही कालची नव्हे. देशात ती १९५० साली सुरू झाली.

तिसरा समज, हे काम मुलींचं नव्हे. मैत्रिणींनो, यावर मी स्वतः अडले होते, म्हणून सांगते. महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात, आणि काही शहरांत मुलींच्या स्वतंत्र संस्थाही आहेत. पण मुलींनी जायचं ते शिवणकामाला, असं आपणच ठरवून टाकतो. शिवणकाम वाईट नव्हेच. पण जिला मोटर उघडून बघायची आहे तिला सुई कशाला द्यायची? महावितरणमध्ये आज बायका तंत्रज्ञ म्हणून काम करतात आणि खांबावरही चढतात. वर्कशॉपमध्ये ओढणी चालत नाही, केस घट्ट बांधावे लागतात, पायात जाड बूट लागतात. मेघाला आजीने दिलेल्या बांगड्या काढून ठेवाव्या लागल्या, त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस झाली. पण वीज हात बाईचा की पुरुषाचा हे विचारत नाही. झटका दोघांना सारखाच!

चौथा समज पैशाचा, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. एक म्हणतात, यात पैसाच नाही. दुसरे म्हणतात, अहो, हल्ली प्लंबर डॉक्टरपेक्षा जास्त कमावतो. दोन्ही ऐकीव. आयटीआयच्या निदेशकांनी आम्हाला सरळ सांगितलं, की पहिली काही वर्षं हात आखडूनच जातात. कारखान्यात कायम नोकरी मिळेलच असं नाही, पुष्कळदा कंत्राटावर घेतात. स्वतःचं काम सुरू केलं तर हिशेब ठेवावा लागतो, उधारी वसूल करावी लागते, वायरिंगची कामं अधिकृतपणे घ्यायची तर सरकारी परवाना काढावा लागतो. पण हातात कसब असेल तर माणूस सहसा रिकामा बसत नाही. उलट सरकारच्या श्रमशक्ती पाहण्यांत वर्षानुवर्षं दिसतं, की कमी शिकलेल्यांपेक्षा पदवीधरांमध्ये बेकारीचं प्रमाण जास्त आहे. दुसऱ्याचं कशाला, माझंच घ्या ना. मी बी.ए., तासिकांवर शिकवते. त्या वायरमनने गीझरचे जेवढे घेतले, तेवढे मिळवायला मला किती तास खडू झिजवावा लागतो, ते मी इथे लिहिणार नाही!

आता पाचवा समज. तो कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही, पण बाकी सगळ्यांच्या मुळाशी तोच आहे. हाताने काम करणारा खालचा आणि टेबलाशी बसणारा वरचा. हे बारा बलुत्यांच्या काळापासून आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कुणाला वरून ओतायचं, हे जिथे जातीवर ठरायचं, तिथलाच तो माझा निळा कप. नाव बदललं, काळ बदलला, फळीवरची जागा तीच राहिली. आषाढीला आपण गोरा कुंभारांचं, सावता माळ्यांचं, नरहरी सोनारांचं नाव घेऊन टाळ वाजवतो. ही सारी हाताला माती आणि भट्टीची धग लागलेली माणसं. देवळात त्यांचा जयजयकार आणि लग्नाच्या बैठकीत मात्र, "मुलगा काय करतो? फिटर? बघू, कळवतो."

आमच्या सांगली जिल्ह्यातलंच एक उदाहरण देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी तेव्हा समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली म्हणतात. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि त्या समजुतीचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. ज्या वाडीत नांगर ओतले जात, त्याच वाडीतून १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक निघालं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या घरात बसून जे वाचायच्या, ते भट्टीच्या आणि लेथच्या शेजारी तयार होत होतं! मला हे माहीत होतं, बी.ए.ला वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि कळलेलं यांत केवढं अंतर असतं, नाही?

आणि खरं सांगू? ही चूक आपण बायकांनी तरी करायला नको. पुरणपोळी करताना पुरण किती घट्ट ठेवायचं आणि कणीक किती सैल, हे कुठल्या पुस्तकात वाचून येतं? हाताला कळावं लागतं, आणि ते कळायला वर्षं जातात. तरीही कुणी विचारलं की "वहिनी काय करतात?" तर उत्तर असतं, "काही नाही, घरीच असते." हे ऐकून आपल्याला टोचतं ना? मग तीच मोजपट्टी आपण दुसऱ्याच्या हाताला लावतो, तेव्हा आपल्या लक्षात का येऊ नये?

असो. तुमच्या मुलाने किंवा मुलीने ही वाट धरायची म्हटली, तर रडारड करू नका, आणि आंधळेपणाने होही म्हणू नका. आम्हाला अनुभवाने कळलेल्या चार गोष्टी लिहून ठेवा. एक, कामाच्या दिवशी संस्थेत जा, सुट्टीच्या दिवशी नको. वर्कशॉपमध्ये यंत्रं चालू असली पाहिजेत, मुलांचे हात तेलकट दिसले पाहिजेत. सगळं चकाचक आणि शांत असेल तर संशय घ्या. दोन, आपल्याला हव्या त्या व्यवसायाला शिकवणारे निदेशक आज हजर आहेत का, हे विचारा. संस्था खाजगी असेल तर त्या व्यवसायाला सरकारी मान्यता आहे का, हे कागद बघूनच खात्री करून घ्या. एका खाजगी संस्थेत आम्हाला गुळगुळीत छापलेलं पुस्तक मिळालं, पण मोटर एकच होती आणि तीही बंद! तीन, मागच्या वर्षीची मुलं शिकाऊ उमेदवारीला कुठे गेली, ते मुलांनाच विचारा, कार्यालयात नको. चार, मुलीची आई असाल तर स्वच्छतागृह आणि येण्याजाण्याची एस.टी. आधी बघा. बाकी सगळं चांगलं असून या दोन गोष्टींपायी मुली मधेच सोडतात.

आणि सर्वांत आधी मुलाला विचारा, की त्याला खरंच हे आवडतं का. अभ्यास नको म्हणून तिकडे जाणाऱ्याला तिथेही अभ्यास चुकत नाही. तो आणखीच खट्टू होतो.

मेघा आता दुसऱ्या वर्षाला आहे. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. पहिल्याच सत्रात सोल्डरिंगचा चटका लागून तिच्या बोटाला फोड आला, तेव्हा वन्सं मला फोन करून अर्धा तास रडल्या. वर्गात मुली तीनच आहेत, आणि मोठं यंत्र उघडायचं असलं की मुलं तिला "तू वहीत लिहून घे" म्हणतात. त्यावरून ती भांडली. आता ती स्वतः उघडते. वन्सं अजूनही शेजारणीला "इंजिनिअरिंगच्या लाइनला आहे" असंच सांगतात. मी त्यांना बोलत नाही. मला चौदा वर्षं लागली, त्यांना थोडा वेळ मिळायला काय हरकत आहे?

दिवाळीत आण्णा आमच्याकडे आले होते. मेघाही होती. तिने आमच्या घराचा स्विचबोर्ड उघडून त्यांना काय काय दाखवलं. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, पण ते एकेक तार बोटाने धरून विचारत होते आणि ती मोठ्याने सांगत होती. चहा झाल्यावर सासूबाईंनी स्वतः त्यांना विचारलं, "व्याही, तुम्ही यंत्रावर नेमकं काय करत होता हो?" आण्णा सांगत बसले. किती तरी वेळ सांगत होते. त्यातलं निम्मं मीही पहिल्यांदाच ऐकलं.

तो निळा कप मी काढून टाकला. त्यात आता कढीपत्त्याचं रोप आहे.

शाळेतलं एक सांगून थांबते. यंदा जूनमध्ये आठवी 'ब'चे माहितीचे फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यात वडिलांच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. दरवर्षी अर्धी मुलं तिथे 'खाजगी नोकरी' लिहितात आणि आम्हीही ते तसंच वर पाठवतो. या वेळी मी फळ्यावर लिहिलं, जे काम असेल त्याचं नाव लिहा. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री असे शब्दही लिहून दिले. वर्गात कुजबुज झाली. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी फॉर्म घेऊन टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमचे पप्पा गवंडी आहेत. तसंच लिहू का?"

"तसंच लिही," मी म्हटलं, "आणि अनुस्वार विसरू नकोस."